एकटी आहे, रिकामी नाही

मराठी भाषेतल्या ज्या म्हणींनी माणसांचे परस्पर नुकसान केले आहे, त्यांत 'एकटा जीव सदाशिव' या म्हणीचा क्रमांक बराच वरचा लागावा. 1972 साली दादा कोंडक्यांनी याच नावाचा चित्रपट काढला आणि ती घरोघर दुमदुमली. परंतु दोष दादांना देण्यात अर्थ नाही. म्हण त्यांच्या आधीची, आणि तिचा माराही त्यांच्या आधीपासून चालू होता. मला नवल वाटते ते त्या म्हणीतल्या सदाशिवाचे. ज्याच्या घरी पार्वतीसारखी मानी बायको, दोन कर्तबगार मुलगे, मस्तकावर गंगा, गळ्यात साप, दाराशी बैल. एका मुलाचे वाहन उंदीर, त्या उंदरावर डोळा ठेवून बसलेला बापाच्या गळ्यातला साप, त्या सापावर डोळा ठेवून बसलेला दुसऱ्या मुलाचा मोर. आणि हे कमी पडले म्हणून की काय, पहिल्या सासऱ्याच्या यज्ञात झालेली ती जगप्रसिद्ध मारामारी. असा हा पक्का संसारी देव एकटा केव्हा झाला आणि त्याला निश्चिंत कुणी ठरवले? उघड आहे, म्हण रचणाऱ्याने त्याला विचारलेच नव्हते. एकट्या माणसांना विचारायचे नसतेच. त्यांच्याबद्दल ठरवायचे असते.

माझ्याबद्दल असे बरेच काही ठरून गेले आहे. मी एकोणतीस वर्षांची आहे, अविवाहित आहे, मुंबईत एका विमा कचेरीत नोकरी करते, डोंबिवलीत एका खोलीत राहते आणि कथा लिहिते. यांपैकी नोकरी आणि लोकल गाडी ही दोन कामे मला रोज करावी लागतात, हे सर्वांना दिसते. परंतु उरलेला सगळा वेळ माझ्याजवळ धान्याच्या कणगीसारखा भरून पडलेला आहे आणि ज्याला लागेल त्याने त्यातला पायलीभर मापून न्यावा, अशी एक समजूत माझ्या ओळखीच्या सर्व भल्या माणसांत रूढ आहे. जुन्या काळी गावाला गायरान असे. ते कुणाचेच नसल्यामुळे सगळ्यांच्या गुरांचे असे. एकट्या माणसाचा वेळ हे तसलेच गायरान समजले जाते. या समजुतीविरुद्ध मला भांडायचे आहे. दिवाळीच्या दिवसांत भांडण काढते म्हणून वाचकांनी रागावू नये. कारण हे भांडण दिवाळीतच उपटते.

ते कसे, ते सांगते. आमच्या कचेरीत मी ज्या विभागात आहे तिथे आजारपणाचे दावे येतात. माणसे काही कॅलेंडर पाहून आजारी पडत नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही कुणाचे अपेंडिक्स दुखते, कुणी माळा लावताना स्टुलावरून पडते, आणि रुग्णालयातून मंजुरीसाठी कागद येतात. तेव्हा सणासुदीला कुणीतरी टेबलावर हजर असायलाच हवे, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'कुणीतरी' या सर्वनामाबद्दल. व्याकरणात हे सर्वनाम अनिश्चित मानतात. आमच्या कचेरीत ते अगदी निश्चित आहे. पाळीची यादी लागली की लक्ष्मीपूजन, पाडवा आणि त्यामागोमाग येणारा रविवार या तिन्ही घरांत माझे नाव असते. पहिल्या वर्षी मी साहेबांकडे गेले. साहेब मनाने फार चांगले आहेत. एकट्या माणसाला छळणारे बहुतेक लोक मनाने फार चांगले असतात. ते म्हणाले, "अगं, तुझं काय! बाकीच्यांना मुलंबाळं आहेत, घरी वाट बघणारी माणसं आहेत. तू एकटा जीव."

सदाशिव तेवढा त्यांनी गिळला.

आता सांगलीला माझे आई-वडील आहेत. आई वसुबारसेपासून गॅलरीत उभी असते. वडील महालक्ष्मी एक्स्प्रेस किती उशिरा धावते आहे ते मोबाईलवर पाहत बसतात, आणि ती गाडी मुंबईहून सुटण्याच्या आधीपासून पाहत बसतात. ही दोन माणसे 'घरी वाट बघणाऱ्या माणसांत' मोडत नाहीत काय? की ज्याला नवरा किंवा बायको मिळाली त्याचे तेवढे कुटुंब, आणि ज्याला नुसते आई-वडील आहेत तो अनाथ? मी हा प्रश्न साहेबांना विचारला. ते म्हणाले, "तुझा मुद्दा बरोबर आहे." आणि यादी तशीच राहिली. मुद्दा बरोबर असणे आणि यादी बदलणे या दोन गोष्टींचा आपल्या देशात फारसा संबंध नसतो.

इथे मला नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण होते. हा सत्यशोधक गृहस्थ 'दीनबंधु' चालवीत असे आणि 1884 साली त्याने मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. तोवर गिरणीत आठवड्याच्या सुट्टीचा नेम नव्हता. यंत्र बिघडले किंवा सण आला तर सुट्टी. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर लोखंड्यांनी सभा भरवली, दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामकरी बायका उठून बोलल्या. त्या काळात! पुढे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी श्रीखंड हाणून घोरतो, तो रविवार असा सभा भरवून आणि अर्ज करून मिळालेला आहे. मी त्या सभेबद्दल हाती लागेल ते वाचले आहे. सुट्टी विवाहित कामगारांनाच मिळावी, एकट्यांनी यंत्रे चालू ठेवावीत, अशी मागणी त्यात कुठेही आढळली नाही. त्या दोघी बायका विवाहित होत्या की नाही, हे कुणी लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही, आणि न ठेवणाराचे मी आभार मानते.

यावर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणतील, आणि नेहमी म्हणतात, "तुझं सगळं खरं गं, पण संसार करून बघ म्हणजे कळेल." या बाई पहाटे साडेचारला उठतात. तीन डबे भरतात. सासऱ्यांच्या गोळ्या, मुलीची वेणी, मुलाचा हरवलेला एक मोजा, हे सगळे उरकून सहा पन्नासची गाडी धरतात आणि गाडीत बसायला मिळाले तर गवार निवडतात. त्यांचे कष्ट मला दिसत नाहीत असे नाही. ते सरकारलाही दिसले आहेत. 2019 साली देशभर पाहणी झाली, कोणाचा दिवस कशात जातो याची. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात असे निघाले. ते करणाऱ्या पुरुषांची? 97. म्हणजे हा 202 मिनिटांचा फरक आहे; जवळजवळ साडेतीन तासांचा. हा आकडा मी बाईंना दाखवला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो मोबाईलवर टिपून घेतला.

आता माझे म्हणणे नीट ऐकावे, कारण या लेखातले खरे भांडण इथे आहे. बाईंना मदत हवी, हे मला शंभर टक्के मान्य आहे. परंतु ही मदत शेजारच्या टेबलावरून का यावी? घरातल्या सोफ्यावरून का येऊ नये? बाईंचे यजमान सुखवस्तू, निर्व्यसनी आणि सुट्टीच्या दिवशी संपूर्ण क्रिकेटचा सामना पाहणारे गृहस्थ आहेत. त्यांनी लक्ष्मीपूजनाला चार वेळा उठून स्वयंपाकघरात जावे, असे कचेरीतल्या कुणाला सुचत नाही. सुचते ते असे, की बाईंना दुपारी दोनला सोडावे आणि त्यांच्या फायली 'एकट्या जिवाकडे' द्याव्यात. म्हणजे त्या 202 मिनिटांचा भरणा यजमानांनी करायचा नाही. तो मी करायचा. ज्या गृहस्थांशी माझे लग्न झालेले नाही, ज्यांना मी एकदाच, आणि तेही कचेरीच्या सहलीत पाहिले आहे, त्यांच्या आळसाचा हप्ता दरमहा मी फेडते आहे. बरे, बायकोला ओव्हरटाइम नको म्हणून माझे आभार मानणारे एखादे पत्र तरी त्यांनी पाठवावे! तेही नाही.

आणि आमच्या कचेरीत एक अविवाहित तरुणही आहे. त्याला ही सगळी कलमे लागू आहेत. शिवाय टेबले हलवायची असली की त्यालाच हाक मारतात. तेव्हा हा काही फक्त बायकांचा प्रश्न नव्हे. तरी 2011 च्या जनगणनेत अविवाहित, विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या अशा एकट्या बायकांची संख्या सात कोटींच्या पुढे गेली होती, हेही सांगून ठेवते. सात कोटी जणींचे गायरान म्हणजे केवढे कुरण होईल, याचा हिशोब करावा.

दुसरा गैरसमज असा, की एकट्या माणसाला घरकाम नसते. हा गैरसमज ज्यांनी तिसरीत भागाकार नीट केला नाही त्यांचा आहे. घरातली कामे माणसांच्या संख्येने भागायची असतात. चार माणसांच्या घरात एकजण दूध आणतो, दुसरा विजेचे बिल भरतो, तिसरी भाजी निवडते आणि चौथा 'मी काही करू का?' असे विचारून सर्वांना उत्साह देतो. माझ्या घरात भाजक एक. एकाने कितीही मोठ्या संख्येला भागले तरी भागाकार तेवढाच राहतो. गॅसचे सिलिंडर मंगळवारी सकाळी अकराला येते. तेव्हा मी फोर्टमध्ये असते. नळ दुरुस्त करणारा "दुपारी येऊन जाईन" म्हणतो; दुपारी मी फोर्टमध्ये असते. कुरियरवाला तीनदा येऊन जातो आणि तिन्ही वेळा 'घर बंद' असा शेरा मारतो, जणू मी त्याला चुकवायला फोर्टात जाऊन बसले आहे. स्वयंपाकाचे तर विचारू नका. नारळ अर्धा मिळत नाही. कोथिंबिरीची जुडी पाव मिळत नाही. एका माणसाची आमटी कढईच्या तळाशी रांगोळीसारखी दिसते. आणि आजारी पडले की स्वतःच स्वतःला पेज करून देऊन, स्वतःच 'बरं वाटतंय का?' म्हणून विचारावे लागते.

असो. कचेरीचे झाले. आता नातेवाईक.

मावशीचे मोतीबिंदू काढायचे असले की रुग्णालयात कोण? एकटी. गावाकडून कुणी मंत्रालयात काम घेऊन आले की उतरायला कुठे? एकटीकडे, आणि खोली एकच असल्यामुळे त्या रात्री मी स्वयंपाकाच्या ओट्याला पाय लावून झोपते. ही कामे मी आनंदाने करते. माणूस माणसाच्या उपयोगी पडावा, एवढे मला आईने शिकवले आहे. परंतु 'येशील का?' आणि 'तुला काय, एकटी तर आहेस, येच' या दोन वाक्यांत जो फरक आहे तो मला कळतो. पहिल्यात मी देणारी असते. दुसऱ्यात मी नुसती सापडलेली असते.

त्यातून मी लिहिते हे लोकांना कळले आणि गायरानात विहीरही निघाली! गेल्या पाच वर्षांत माझी 'प्रतिभा' कुठे कुठे वापरली गेली याची यादी केली तर एखाद्या संपादकाला घेरी येईल. काकांच्या साठीशांतीचे मानपत्र. सोसायटीच्या गणपतीचे निवेदन, त्यात 'पाणी जपून वापरा' हा मजकूर भक्तिरसात बसवून. चुलतभावाच्या मुलाचा 'माझी आई' या विषयावरचा निबंध. आई घरात असताना. आणि उखाणे! लग्नसराई आली की माझ्या मोबाईलवर नवरदेवांची नावे येऊन पडतात, सोबत सूचना: 'जरा वेगळा हवा, हसू आलं पाहिजे, पण सासूबाईंना राग यायला नको.' आजवर अकरा नवरदेवांची नावे मी यमकात बसवली आहेत. एवढ्या पुरुषांचे नाव घेणारी अविवाहित स्त्री महाराष्ट्रात दुसरी नसावी. एका नवरदेवाचे नाव पाच अक्षरी होते आणि त्याला यमक जुळेना. मी रात्री एकपर्यंत जागले. दुसऱ्या दिवशी नवरीने तो उखाणा तीनशे माणसांसमोर घेतला, टाळ्या पडल्या, आणि पंगतीत तीच मला म्हणाली, "तू अजून काही पुस्तक वगैरे नाही काढलंस ना? तुला तर वेळच वेळ असतो!"

पुस्तक वगैरे. त्या 'वगैरे'कडे मी बराच वेळ पाहत राहिले.

काही सुशिक्षित मंडळी निराळ्या बाजूने येतात. ती म्हणतात, "एकटेपणातूनच मोठं साहित्य निर्माण होतं. तू भाग्यवान आहेस." या लोकांनी एकटेपण आणि एकांत यांची गल्लत केली आहे. एकटेपण फुकट मिळते. ते डोंबिवलीच्या गाडीत, पाठीला पाठ लागलेली असतानाही मिळते. एकांत मिळवावा लागतो. व्हर्जिनिया वुल्फबाईंनी 1929 साली हिशोब मांडून सांगितले, की बाईला लिहायचे असेल तर वर्षाला पाचशे पौंड आणि कुलूप लावता येईल अशी खोली हवी. माझ्याजवळ कुलूप आहे. पौंडांचेही रुपयांत काहीतरी जमवते आहे. परंतु वुल्फबाईंच्या खोलीत मोबाईल नव्हता. ही अशी खिडकी आहे की तिला कडीच नाही, आणि तिच्यातून साहेब, मावशी, नवऱ्या मुली आणि सोसायटीचे चिटणीस असे सगळे एकदम आत डोकावतात. माझ्या कथा म्हणून मी लिहिते त्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, दिवा ते ठाणे या टप्प्यात. कारण तिथे मोबाईल पिशवीतून काढायलाही जागा नसते. डोक्यात वाक्य जुळवायचे, घोकायचे, आणि गाडीतून उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर बसून कागदावर उतरवायचे. शेजारच्या बायकांचे भजन चालू असते, हळदीकुंकू असते, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण बांधून पूजाही होते. त्या मला 'काय पुटपुटतेस गं?' म्हणून विचारतात, पण उखाणा मागत नाहीत. म्हणून मला त्या डब्याबद्दल फार आदर आहे.

ही कुलपाची खोली तरी सुखाने मिळाली काय? मुळीच नाही. मी सतरा खोल्या पाहिल्या. दलाल सांगायचा, "ताई, घर फॅमिलीलाच द्यायचंय." मी विचारायची, "फॅमिली म्हणजे किती माणसं?" तो म्हणायचा, "दोन तरी." म्हणजे दोन भांडकुदळ माणसे आली तरी चालतील, एक शांत माणूस चालणार नाही! एका ठिकाणी मला रात्री किती वाजता परत येता, पाहुणे कोण येतात, मासे खाता का, आणि लग्न का केले नाही, असे चार प्रश्न विचारले. भाडे वेळेवर द्याल का, हा पाचवा प्रश्न राहूनच गेला. शेवटी ज्या आजींनी मला खोली दिली त्या स्वतः एकट्या आहेत. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त करार झाल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. तूही एकटीच आहेस, तर माझं बँकेचं पासबुक तेवढं भरून आणत जा."

ज्या शहरात हे चालते ते शहर कुणी बांधले, हे एकदा आठवून पाहावे. 1854 साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी काढली. तिच्यामागून इतक्या गिरण्या निघाल्या की कोकणातून आणि घाटावरून माणसांची रीघ लागली. ही माणसे बहुतेक लग्नाची होती, पण मुंबईत एकटी होती. बायकामुले गावी, शेतावर. लालबाग-परळच्या चाळींतून एकेका गाळ्यात एका गावची पंधरा-वीस माणसे राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर पडे. त्यांना खाणावळवाल्या बाया जेवू घालीत. त्यातल्या कैक स्वतःही नशिबाने एकट्या पडलेल्या. त्यांची मग 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून संघटना बांधली. धोबीतलावाला गोव्याच्या खलाशांचे कूड होते. प्रत्येक गावाचा आपला कूड, आपला संत, आपली ठरलेली प्रार्थना, आणि भिंतीशी लावलेल्या पेट्या. ही सगळी 'सिंगल' माणसे! त्यांना जर त्या वेळी 'घर फॅमिलीलाच' म्हणून सांगितले असते तर मुंबईत आज सात बेटे, थोडे कोळी आणि पुष्कळ चिखल एवढेच असते.

आणि या एकट्या माणसांनी रविवारी काय केले? लोखंड्यांनी मिळवून दिलेला तो दिवस त्यांच्या हाती पडला, तेव्हा त्यांनी भजनी मंडळे काढली, दशावतार आणि नमन उभे केले, कामगार रंगभूमी घडवली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांच्यासारखे शाहीर याच वस्त्यांच्या बळावर गाजले. गावी मागे राहिलेल्या मैनेवरची अण्णा भाऊंची छक्कड ज्यांनी ऐकली आहे त्यांना कळेल की एकट्या माणसाच्या पोटात किती कुटुंब असते. नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाईगिरी केली, मास्तरकी केली, आणि 1962 साली पहिला संग्रह दिला. ते संसारी होते; तरी सांगायचा मुद्दा तोच. कला ही रिकामपणाची पैदास नव्हे. भरलेल्या दिवसातून माणसाने ओढून काढलेला एक तास असतो, आणि तो तास त्याचा स्वतःचा असावा लागतो. तो ओढून काढताना मध्येच कुणी 'तुला काय काम आहे?' म्हणून हात धरला, तर गेलीच ती कविता.

धारवाडला जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवीत. लग्न केले नाही. म्हणजे आमच्या साहेबांच्या हिशोबाने सडाफटिंग. हा सडाफटिंग माणूस नोकरी सांभाळून दोन मावसबहिणींचा भार वाहत होता आणि 'काजळमाया'तल्या कथा लिहीत होता. (सडाफटिंग हा शब्द पुरुषांसाठी आहे, त्यात थोडे कौतुकही आहे. बाईसाठी भाषेने 'घोडनवरी' ठेवला आहे. शब्दकोशकारांनी यावर कधीतरी विचार करावा.) आणि आपल्या दुर्गाबाई भागवत! अविवाहित. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षे बसून त्यांनी लोकसाहित्य धुंडाळले, जातककथा मराठीत आणल्या, 1956 साली 'ऋतुचक्र' दिले, आणि स्वयंपाकावरही अधिकाराने लिहिले. त्यांच्या टेबलाशी जाऊन "बाई, तुम्ही काय एकट्याच, जरा आमच्या मुलीच्या रुखवताचं बघा" असे म्हणायची कुणाची छाती झाली असती काय? झाली असती तर काय उत्तर मिळाले असते याचा अंदाज करता येतो. 1975 साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीला जे सुनावले ते ऐकून सरकारलाही तो अंदाज आला, आणि पुढे सरकारने त्यांना तुरुंगात ठेवले. एकट्या बाईच्या वेळेचा सरकारने केलेला हा उपयोग त्यातल्या त्यात मानाचा म्हणायचा.

मी दुर्गाबाई नाही. मला तुरुंगात ठेवण्याइतका माझा उपद्रव नाही. परंतु या वर्षी मी एक अर्ज केला. साध्या मराठीत, एका पानाचा. त्यात लिहिले: सणाच्या पाळ्या आडनावांच्या आद्याक्षराप्रमाणे लावाव्यात आणि दरवर्षी एका घराने पुढे सरकवाव्यात. ज्याचे लहान मूल किंवा आजारी माणूस घरी असेल त्याने सवलत मागावी, ती द्यावी, परंतु मागताना घरातल्या दुसऱ्या कर्त्या माणसाने त्या दिवशी काय केले हेही एका ओळीत लिहावे. आई-वडील हे कुटुंबात धरावेत. आणि रजेच्या अर्जावर 'कारण' या रकान्यात 'कथा लिहायची आहे' असे लिहिले, तर ते 'मुलाला ताप आहे' याइतके निकडीचे नसले तरी 'मेहुण्याच्या घराची वास्तुशांत आहे' याच्या खाली धरू नये.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यावर सही केली. टेबले हलवणाऱ्या तरुणाने केली. आश्चर्य म्हणजे निवृत्तीला आलेल्या एका गृहस्थांनीही केली. त्यांच्या पत्नी चार वर्षांपूर्वी वारल्या. मुलगी परदेशी. ते म्हणाले, "गेली चार वर्षं मला पण रविवारी बोलावतात. मी कुणाला सांगितलं नाही."

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला, "यात तथ्य आहे" असे म्हणाले आणि कोपऱ्यात 'चर्चा करू' असा शेरा मारला. चर्चेला आम्हा चौघांना बोलावले आहे. बाकीच्यांची कामे अडू नयेत म्हणून वेळ दिली आहे ती रविवारी सकाळी अकराची.